अर्जकाकांची सही

आमच्या सी विंगमध्ये भांडायला सगळेच तयार असायचे, पण लेखी भांडणारा माणूस एकच, अर्जकाका. पाणी आलं नाही, अर्ज. जिन्यातला दिवा गेला, अर्ज. आपल्या प्रतीवर चेअरमनची पोच घेतल्याशिवाय हा माणूस त्यांच्या दारातून हलायचा नाही. मुंबईत एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळायचे, मूळचे परभणीकडचे. आमची ही वसाहत, शांती नगर, तेव्हा नवी होती, ऐंशीचं दशक संपत आलेलं. गिरगावातली खोली सोडून आम्ही स्वतःच्या ब्लॉकमध्ये आलो होतो, त्यामुळे माझं नाक जरा वरच होतं.

आमचा टीव्ही यायचा होता, म्हणून संध्याकाळच्या बातम्या बघायला आम्ही काकांकडे जायचो. रोज पंजाब, नाहीतर आसाम, पुढे काश्मीर. माझे मिस्टर वैतागायचे, "एवढं वेगळं व्हायचंय तर जा म्हणावं ना!" काका बुद्धाच्या तसबिरीखाली बसलेले असायचे. म्हणायचे, "गाऱ्हाणं खरं आहे म्हणून फुटणं बरोबर ठरत नाही. पण फुटणं चूक आहे म्हणून गाऱ्हाणं खोटं आहे, असंही म्हणू नका. दिल्ली नेमकं तेच करते बघा."

मग गाडी मराठवाड्यावर यायची. रस्ते नाहीत, कारखाने नाहीत, मुंबईला आमची आठवण नाही, हे सगळं ते मोठ्या चवीने सांगायचे. मी मुद्दाम डिवचायचे, "मग मागा की वेगळं राज्य." "कामून मागू? आधी अर्ज तर संपू द्या." "अर्ज कधी संपतात का काका?" "संपतात ना. समोरच्यानं दार लावलं की संपतात." मला हे सगळं सरकारी माणसाचं कागदी घोडं वाटायचं. पुढे ते आमच्याच जिन्यात येऊन उभं राहील, असं तेव्हा कुठे माहीत होतं!

सोसायटीची टाकी एक, पंप एक, आणि दोन्ही ए विंगच्या मागे. कमिटीही सगळी ए विंगची. त्यांच्या गच्च्या धुऊन व्हायच्या तेव्हा आमच्या नळातून नुसता फुसफुस आवाज यायचा. आम्ही खालून हंडे वाहायचो. असाच हंडा घेऊन चढताना काकू तिसऱ्या मजल्यावर घसरल्या आणि त्यांचा पाय मोडला. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. सी विंगची वेगळी सोसायटी करायची, आपली टाकी आपण बांधायची. वकील म्हणाला, विसाच्या वीस घरांच्या सह्या आणा. चार दिवसांत एकोणीस आणल्या.

काका नाही म्हणाले. मी तोंड सोडलं, "काकूंचा पाय मोडला तरी?" ते म्हणाले, "तो पाय माझ्या घरात आहे ताई. मला दिसत नाही का? पण त्यांनी अजून दार लावलेलं नाही."

मी त्यांना ए विंगचा दलाल म्हणाले. चारचौघांत, जिन्यात. लोकांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं, मी तर बघणंही.

दुसऱ्या दिवसापासून काका सकाळी दोन रिकामे हंडे घेऊन थेट चेअरमनच्या घरी. "सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली तुम्हीच बोललात, सोसायटी म्हणजे एक कुटुंब. मग घरचं पाणी न्यायला आलोय." चेअरमनचा चेहरा कसा झाला असेल! पण त्यांची म्हातारी आई भली. ती हंडे भरून द्यायची, वर चहा पाजायची. आठ दिवस असं चाललं. नवव्या दिवशी मी ए विंगखाली दुधाच्या रांगेत होते. काका जिना उतरून आले, हंडे रिकामेच. आत रेडिओ चालू होता म्हणाले, बेल चारदा वाजवली. "कागद आणा ताई."

माझ्याच घरी बसून त्यांनी सही केली आणि पुढे कचेरीतल्या त्या वळणदार अक्षरात एक शब्द लिहिला, 'नाइलाजाने'.

वकिलाने कागद परत केला. असा शेरा चालत नाही, कोरी सही आणा. मी नवा कागद घेऊन गेले. जायला नको होतं, पण गेले. काकू पलंगावर पाय लांब करून पडल्या होत्या, काका त्यांच्यासाठी पाणी तापवत होते. मी काय ते सांगितलं. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, सही केली. "घ्या. दुःख कागदावर नसलं तरी चालतंय," म्हणाले.

सोसायटी फुटली. आमची टाकी झाली, चौथ्या मजल्यापर्यंत धो धो पाणी आलं. काकूंना पुन्हा हंडा उचलावा लागला नाही. वर्षभरात काका रिटायर होऊन परभणीला निघाले. आधी ए विंगमध्ये जाऊन त्या म्हातारीच्या पाया पडले, मग आमच्याकडे आले. मला त्यांची माफी मागायची होती. तुमचंच बरोबर होतं काका, असं म्हणायचं होतं. पण आत स्वयंपाकघरात नळ चालू होता, बादली भरून वाहत होती. मी "थांबा हं" म्हणून नळ बंद करायला गेले, आणि बाहेर आले तेव्हा ते चपला घालत होते.