पावसाची खळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – तिला कळलं असावं, ते वेगळं. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय. की हीसुद्धा पळवाटच?

मी कोष्टी, नागपुरातल्या सक्करदऱ्याचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या माग. साठच्या दशकातली गोष्ट. तिकडे पश्चिमेच्या डोंगरात भूकंप झाला, घरं बसली, शेतांचे बांध ढासळले. तिथल्या बायांना माग द्यायचे, विणकाम शिकवायचं, असं ठरलं. चौघी जणी नागपुरात आल्या आणि शिकवायला मला नेमलं. त्यांतली एक अनुसया. नवरा भिंतीखाली गेलेला, दोन लेकरं सासूपाशी. मला दादा म्हणायची. आणि हात असा – काय सांगू, मी मनातून चिडायचो. मला वर्षभर घाम गाळून जे जमलं, ते तिला एका उन्हाळ्यात जमलं.

आता खळीचं सांगतो. टाळतोय मघापासून.

विणण्याआधी ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, भाताच्या पेजेची खळ लावतात, म्हणजे सूत तुटत नाही. उन्हाळ्यात तेवढं पुरतं. पावसाळ्यात मात्र त्या खळीत चिमूटभर मोरचूद टाकावं लागतं, नाहीतर ओलीनं बुरशी चढते, सूत सडतं. आमच्या घरात ही पावसाची खळ लेकीलाही सांगत नसत – ती परघरी जाणार. सुनेला सांगत. डोंगरात पाऊस किती, मला ठाऊक नव्हतं का? होतं.

त्या निघायच्या आदल्या दिवशी बायकोनं विचारलं, "त्या बाईले पावसाची खळ सांगितली ना जी?"

घरची सून तीच, रीत सांभाळायची तिनं. आणि तीच विचारत होती! मी म्हटलं, सांगितली. नव्हती सांगितली.

का? डोंगरातली लुगडी स्वस्त येतील, मग आपली कोण घेणार, अशी कुजबुज होती. भीती वाटायची, खोटं नाही. पण त्याहून जास्त – तिचा हात मला सलत होता.

पावसाळा सरला आणि अनुसया पुन्हा नागपुरात. सोबत मदतीचं काम बघणारे साहेब, तिच्या काखेत गाठोडं. जिथं शिकवलं त्याच शेडमध्ये तिनं ते सोडलं. ताणा काळा-हिरवा पडलेला, बोट लावलं की तुटत होता. चौघींच्याही घरी हेच झालेलं. साहेब मला म्हणाले, माग त्यांच्याकडे ठेवायचे की परत आणायचे, तुम्ही सांगाल तसं करू.

"माजं कुटं चुकलं वो दादा?" अनुसयानं विचारलं.

मोरचूद – एवढा एकच शब्द. तोंडात आला होता. पण तो उच्चारला असता तर साहेबांनी विचारलं असतं ना, आधी का नाही सांगितलं? मी म्हणालो, "खळ नीट शिजवली नाही. हिचा हात बसला नाही अजून."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं.

वर तिला घरी जेवायला नेलं, एवढा मी निर्लज्ज. बायकोनं वाढता वाढता गाठोड्यावर हात ठेवला, हाताचा वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. अनुसया म्हणाली, "दादांनी जीव तोडून शिकिवलं वैनी. माज्याच हातात न्हवतं."

स्टेशनावर सोडायला मीच गेलो. गाडी उशिरा आली. साहेब चहाला गेलेले, बाकड्यावर आम्ही दोघंच – तेव्हाही सांगता आलं असतं. मी उठून तिचा तांब्या भरून आणला.

पुढे ती रस्त्यावर खडी फोडायला जाते, असं साहेबांकडून कळलं. ते चारही माग नागपुरात परत आले. तिचा माझ्या वाट्याला आला. मी तो कित्येक वर्षं चालवला – पावसाळ्यात खळीत मोरचूद टाकून.