हातमोज्यांनी निवडलेलं औली

औलीला जायचं कुणी ठरवलं असं विचारलं, तर आमचे हे अजूनही माझ्याकडे बोट दाखवतात. खरं तर औली निवडलं ते एका लाल लोकरीच्या हातमोज्यांच्या जोडीनं. बर्फात घसरायला जायचंय पण कुठे ते ठरत नाही, असं विचारणारे बरेच जण असतात, म्हणून आमची निवड कशी झाली ते सांगते. आमच्यासारखी निवड तुम्ही कराल असं वाटत नाही.

कारगिलचं युद्ध झालं, त्या वर्षीचा हिवाळा. आम्ही जबलपूरला कांचघर भागात राहायचो. हे रेल्वेत बुकिंग क्लार्क आणि मी फौजेचे ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस. ट्रकबरोबर जाणारं सामान माझ्या टेबलावरून पुढे जायचं: जॅक, पाने, बर्फात टायरला गुंडाळायच्या साखळ्या. त्या उन्हाळ्यात ओव्हरटाइम इतका, की कूलरमध्ये पाणी भरायला कुणाला सवड नव्हती. साखळीच्या टोकाचा आकडा कडीत घालायचा आणि वरचा खटका अंगठ्यानं दाबायचा, की साखळी पक्की. तो खटका मला फार बारीक वाटला. आमच्या फोरमनना, तिवारीजींना, मी तो दाखवला.

"बंद होता है ना, दीदी?"

"होता तो है."

"तो साइन करिए. उधर लड़के इंतजार कर रहे हैं."

मी सह्या केल्या. ड्रॉइंगप्रमाणे माल बरोबरच होता. आणि बर्फ म्हणाल तर आमच्यापैकी सगळ्यांनी फक्त उसाच्या रसातला पाहिलेला.

दिवाळीनंतर सहलीचं निघालं. ह्यांचा रेल्वेचा पास होता, त्यामुळे अर्धा प्रश्न सुटला होता. काश्मीरमधल्या गुलमर्गचं नाव काढल्याबरोबर सासूबाईंनी हातातला पेला खाली ठेवला, तेव्हा ते बाद. ह्यांना कुफरी हवं होतं, कारण शिमल्यापर्यंत छोटी रेल्वे जाते. रेल्वेच्या माणसाला सुट्टीतही रेल्वेच लागते! दहावीतली आमची मृणाल मनालीजवळच्या सोलांगवर अडून बसली होती. तिच्या मैत्रिणीची ताई मधुचंद्राला मनालीला गेली होती, एवढंच कारण. माझं काही मत नव्हतं. थंडी चालेल, स्वयंपाक नको, एवढीच माझी अट.

या जागांची माहितीपत्रकं आम्ही मागवली होती. त्यांत सोबत आणायच्या सामानाची यादी होती, त्यात पहिलं नाव जाड हातमोज्यांचं. जबलपूरच्या थंडीत आम्ही स्वेटर घालतो, कानाला मफलर बांधतो, पण हातमोजे कुणाला ठाऊक? दर हिवाळ्यात स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी बाईकडून मी लाल जोडी घेतली. तिथेच घालून पाहिली, आणि पैसे द्यायला पर्सची चेन उघडायला गेले तर ती चिमटीतच येईना.

बाई हसली. मी नाही हसू शकले. माझ्या डोळ्यांपुढे तो खटका आला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टेबलावर साखळी घेतली आणि हातमोजे घालून बसले. खटका काही केल्या बंद होईना. सगळा उन्हाळा मी तो उघड्या, घामेजल्या हातांनी दाबून पाहिला होता, आणि तो वापरणारा माणूस बर्फात उभा असणार हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.  कुठल्या घाटात कुणाचा ट्रक साखळीविना घसरला असेल तर? त्या दिवसांत पेपर उघडायची मला भीती वाटायची.

त्या संध्याकाळी मी माहितीपत्रकं पुन्हा पसरली.

"फोटोत काय एवढं पाहून राहिली?" ह्यांनी विचारलं. "सगळीकडे बर्फच आहे."

मी रस्ते पाहत होते. जोशीमठला फौजेची छावणी आहे, आणि तिथून औलीला चढणाऱ्या रस्त्यावर हिवाळ्यातही ट्रक चालतात, असं ह्यांच्याच ऑफिसातल्या एका गढवाली माणसानं सांगितलं. मी म्हटलं, "औली." कारण काही सांगितलं नाही.

जानेवारीत निघालो. जबलपूर ते दिल्ली गाडी, पुढे हरिद्वारपर्यंत बस. हरिद्वारहून जोशीमठची बस पहाटेच सुटते आणि अख्खा दिवस खाते, हे लक्षात असू द्या. मागची सीट अजिबात घेऊ नका. मृणालनं हट्टानं घेतली आणि देवप्रयागच्या आधीच आवळासुपारीचा डबा रिकामा केला. वाटेत एका टपरीवर राजमा-भात खाल्ला, तो चुलीवरचा, वर घरच्या तुपाची धार. माझ्या तिखट पुऱ्या तशाच परत पिशवीत गेल्या.

पहिल्या दिवशी रोपवेनं औलीला गेलो. पाळणा देवदारांच्या शेंड्यांवरून जातो आणि समोर नंदादेवी उभी राहते. तो क्षण मी फोटोत पकडायचा प्रयत्न केला नाही. ह्यांनी बर्फ मुठीत घेऊन बराच वेळ निरखला आणि म्हणाले, "आपल्या भेडाघाटचा संगमरवरच आहे, फक्त वितळतो." बूट आणि पायाला बांधायच्या लांब पट्ट्या, म्हणजे स्की, वर भाड्यानं मिळतात. शिकवणाऱ्याचे पैसे धरून तिघांचा खर्च बसच्या भाड्यापेक्षा जास्त झाला, पण कंजुषी करू नका. शिकवणारा म्हणाला, "दीदी, पहले गिरना सीखिए." ते मला उपजतच येत होतं. मृणाल मात्र दुपारपर्यंत उतारावरून सरळ खाली यायला लागली आणि ओरडली, "आई, देख, मी पडून नाही राहिली!" तिचं इतकं मोठं मराठी वाक्य बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताजा बर्फ पडला होता. मी जीपनं वर जाऊ म्हटलं.

"उडनखटोला सोडून जीपमध्ये काहून बसायचं?" हे वैतागले. "पैसे जास्त झाले का?"

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, हातमोज्यांपासून.  ते खाली जाऊन जीप ठरवून आले.

चौथ्या की पाचव्या वळणावर जीप थांबली. पुढे फौजेचा ट्रक उभा होता आणि एक जवान मागच्या चाकाला साखळी घालत होता. ट्रक आमच्याच कारखान्याचा, हे मी दुरूनच ओळखलं. खाली उतरले. त्यानं आकडा कडीत घातला, दातांनी ओढून उजवा हातमोजा काढला आणि उघड्या बोटांनी खटका दाबला. मग हात काखेत धरून नुसता उभा राहिला.

"भैया, दस्ताना क्यों निकाला?"

"दस्ताने में बंद नहीं होता, दीदी." त्यानं अंगठा दाखवला. टोकाची कातडी काळपट, खरबरीत झाली होती. "लोहा चिपक जाता है. चमड़ी ले जाता है."

"ये साखळी... ये चेन मैं जांचती हूं. जबलपूर में. इसपे साइन मेरी होती है."

मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. बोलायलाच हवा होता. विचारायचं होतं ते मी एका दमात विचारून टाकलं, "कोई गाड़ी गिरी तो नहीं, इसके कारण?"

"अरे नहीं दीदी. हाथ जलता है, जान नहीं जाती." मग त्यानं दुसऱ्या चाकाची साखळी दाखवली. तिच्या खटक्याला बुटाच्या नाडीचा फास बांधलेला होता. फासात जाड हातमोज्याचं बोट घालून ओढलं, की खटका सहज बसायचा. "हम लोग बांध लेते हैं. इस वाली की टूट गई थी." जरा थांबून तो म्हणाला, "आप एक बार दस्ताना पहन के देख लेतीं."

रागानं नाही म्हणाला, साधंच म्हणाला. मला रस्त्यावरच रडू फुटलं. ह्यांनी खाली बसून स्वतःच्या बुटाची नाडी सोडली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं ती तिथल्या तिथे खटक्याला बांधली. उरलेले दोन दिवस हे सुतळी बांधलेला बूट घालून औलीत हिंडले.

परतल्यावर सोमवारी तिवारीजींना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे हातमोजे मागितले. त्यांच्या पंजावर ते कसेबसे चढले. पाच-सहा वेळा खटका निसटला. भोवती जमलेले लोक आधी हसत होते, मग वाकून पाहायला लागले.

"जून में तो मैंने ही बोला था," तिवारीजी म्हणाले.

"सही तो मेरी है."

"तो अर्जी पे दोनों की रहेगी."

अर्ज वरपर्यंत जाऊन खटक्याला हातमोज्याचं बोट मावेल एवढी कडी लागेपर्यंत आणखी दोन उन्हाळे गेले. औलीचे फोटो आता पिवळे पडलेत, घसरायचं मी विसरले, नंदादेवी तेवढी अजून डोळ्यांपुढे येते. हातमोजे मात्र निवृत्त होईपर्यंत टेबलाच्या खणात होते. भर मे महिन्यात ते घालून साखळ्या तपासायला बसले, की नवीन आलेले लोक हसायचे. मी दुसरी जोडी त्यांच्यापुढे सरकवायचे.