नजीरभाई आणि पुसली गेलेली लेबलं

आज दुपारी मंठ्याच्या कब्रस्तानात ज्यांना माती दिली, त्या नजीरभाईंचं काम माझ्यामुळे सुटलं होतं.

रोज देवापुढे हात जोडतो. पण हे त्यालाही कधी मोठ्याने सांगितलं नव्हतं.

नजीरभाई मूळचे बकऱ्यांचे व्यापारी. माळावरचा लांडगा त्यांना धंद्यामुळे माहीत. म्हणून आमच्या प्रमुख सरांनी लांडग्यांच्या प्रोजेक्टवर त्यांना माग काढायला घेतलं. मी नोंदी ठेवायचो.

लांडगा क्वचित दिसायचा. आम्ही त्याची विष्ठा गोळा करायचो. लॅबमध्ये त्यातून डीएनए काढतात. कुठला लांडगा, कुणाचं पिल्लू, सगळं कळतं.

कुत्र्याची कोणती आणि लांडग्याची कोणती, हे मला शेवटपर्यंत जमलं नाही.

नजीरभाई म्हणायचे, "भाऊ, लांडग्याच्यात बकरीचे केस ऱ्हातात, कुत्र्याच्यात तुमच्या लग्नातला भात. बिलकुल सोपं हाय!"

नमुना स्पिरिटच्या बाटलीत टाकून झाकण ते लावायचे. जागा, तारीख, नंबर असं लेबल मी लिहायचो.

लेबल पेन्सिलनेच लिहायचं, हा पहिल्या दिवसाचा नियम. स्पिरिट पेनची शाई खातं.

माझी पेन्सिल हरवली. केदारखेड्याहून नवी आणायचा कंटाळा केला. जेल पेन वापरला.

मोटारसायकलच्या धक्क्यांनी बाटल्या थोड्या पाझरल्या. थोड्या पाझरतातच.

लॅबमध्ये पेटी उघडली, तर एकाही लेबलवर अक्षर नाही. दोन महिन्यांची पायपीट वाया.

सरांचा फोन आला. "झाकणं कोण लावत होतं?"

"नजीरभाई."

एक शब्द खोटा बोललो नाही.

लेबलं कशाने लिहिली, हा दुसरा प्रश्न एवढ्या शिकलेल्या माणसाला सुचला नाही. आणि मी तो सुचवला नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांना घरी बसवलं. मला ठेवलं.

निघताना म्हणाले, "म्या तर घट्टच लावल्ती, भाऊ. न्हाई का?"

मी बॅग आवरत राहिलो.

आज कब्रस्तानातून परतताना त्यांचा मुलगा सांगत होता, "अब्बा घरातल्या हरेक बाटलीचं झाकण दोन-दोनदा बघायचे. तेलाची, औषधाची. अम्मी चिडायची. म्हणायचे, माझ्या हातात जोर न्हाई राह्यला, लांडग्यांचं सगळं काम माझ्यामुळं बुडालं."

मला वाटत होतं, त्यांना माझ्यावर संशय असेल. त्यांनी तर स्वतःवरच घेतलं होतं.

मी रस्त्यातच थांबून त्याला सगळं सांगितलं.

त्याने शांतपणे ऐकलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

म्हणाला, "काका, हे अब्बांना सांगायचं होतं."

सर, तुम्हीही माझ्या फेसबुकच्या यादीत आहात. वाचा. पेन माझा होता.

नजीरभाई, माफी मागायची वेळ मी घालवली.

आखरी सलाम.