देवदर्शनाची गाडी

मेव्हण्याची जुनी गाडी मी घेतली, तेव्हा तो रावेरला देवावर हात ठेवून म्हणाला होता, “दाजी, देवदर्शनाशिवाय कुठं नेली नाही.”

मागचा कॅमेरा बसवायला ती देवपूरच्या वायरमनकडे नेली. हा नवी वायर दाखवून जुनीच आत घालेल, म्हणून मी त्याच्या डोक्यावरच उभा राहिलो. वायर डिकीपासून पुढे न्यायला त्याने दाराखालची प्लॅस्टिकची पट्टी उचकटली, कार्पेट उचललं. खाली केळीच्या पानांचा वाळका चुरा आणि घडांच्या चिकाचे काळे डाग, पार डिकीपर्यंत.

माझं टाळकंच सटकलं. तिथूनच मेव्हण्याला फोन लावला.

“सत्यनारायणाची पानं असतील, दाजी,” तो म्हणाला.

“असतील ना! आणि प्रसाद कुठल्या मार्केटला उतरवायचास?”