फडकं पांढरं येईस्तोवर

माझ्या केसरीनाथमामाच्या हट्टापुढे आमच्या घरात सगळ्यांनी हात टेकले होते. मामा भिवंडीत लूमवर जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग जुळवून द्यायचं काम. मागाला तेल पाजलं की तो सांध्यासांध्यावरून पांढरं फडकं फिरवायचा आणि ते स्वच्छ निघेपर्यंत माग चालू करू द्यायचा नाही. तेलाचा एक डाग पडला की अख्खा तागा वाया, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. पण ही खोड त्याने घरीही आणली. कमळामामीने घासलेला तवा तो पुसून बघायचा. मामीच्या जागी मी असतो तर तोच तवा त्याच्या डोक्यात घातला असता.

पुढे लूम सोडून मामा गावी, अंबाडीजवळच्या शेतावर राहायला गेला. तिथे भात पिकायला आलं की रानडुकरं उतरायची. पीक राखायला घरात आजोबांच्या वेळची परवान्याची रायफल होती, आणि वनखात्याची परवानगी काढून डुक्कर मारायचा मान गावाने मामाला दिला होता. केसरीनाथचा नेम चुकत नाही, असं लोक पाहुण्यांना सांगायचे.

एक्याण्णव सालच्या दसऱ्याला तो चुकायला लागला. डुकरं त्याच्या डोळ्यांदेखत भात तुडवून निवांत निघून जायची. बांधाला पुठ्ठा लावून त्याने नेम तपासला, तर एक गोळी डावीकडे, दुसरी पार वर, तिसरी कुठे गेली कोणास ठाऊक. मग काय, केसरीनाथचे डोळे गेले, असं गावाने ठरवून टाकलं. मामीचा भाऊ सावळाराम तर घरी येऊन बसला.

"दाजी, रागावू नका. रायफल आता माज्या नावावर करा. भात सगल्या गावाचा जातंय."

"दिवाली होऊन जाऊ दे," मामा म्हणाला. "तवर नेम लागला न्हाय तर घेऊन जा."

बोलला खरा, पण तोंड एवढंसं झालं होतं. त्या रात्री तो जेवलाही नाही. मला सावळारामाचा राग आला, आणि तो खोटं बोलत नव्हता म्हणून आणखी आला.

दोन दिवसांनी मोहिउद्दीनशेठ तांदूळ न्यायला आले. मामाने वीस वर्षं यांच्याच लूमवर काम केलं होतं. शेठनी तरुणपणी रायफल चालवलेली. त्यांनी मामाची रायफल रिकामी करून घेतली, बोल्ट काढला आणि नळी आभाळाकडे धरून डोळा लावला.

"केसरीनाथ, नली में तो तांबा बैठा है. साफ करत न्हाईस काय?"

"करतो ना शेठ. तेल घालून."

"तेल से तांबा नहीं निकलता. अमोनिया आण."

गोळीला वरून तांब्याचं पातळ कवच असतं. नळीतून जाताना ते घासतं आणि आतल्या खाचांत थोडं थोडं बसून राहतं. आजोबांपासून साठलेला हा थर गोळीला भलतीकडे ढकलत होता. मामाला एवढा आनंद झाला की त्याने शेठना तांदळाबरोबर दोन भोपळेही दिले.

अमोनिया माझ्याकडेच होता. भिवंडीत धामणकर नाक्यावर घरांच्या नकाशांच्या निळ्या प्रती काढून देणाऱ्या दुकानात मी मामाकडून रोज ये-जा करून कामाला होतो, आणि त्या प्रती अमोनियावरच निघायच्या. मी बाटली दिली. मामाने ओळखीच्या लेथवाल्याकडून पितळेचं सुबक टोक बनवून घेतलं, ते नळी साफ करायच्या गजाला बसवलं, त्यावर ओलं फडकं चढवलं आणि ओटीवर बसून नळीत घातलं.

फडकं मोरपंखी होऊन बाहेर आलं. तांबं निघालं म्हणून आम्ही पेढे खायचेच बाकी ठेवले. दुसरं फडकं तसंच, तिसरंही तसंच. दुसऱ्या दिवशी निळं, चौथ्या दिवशीही निळं. घरात नाक धरून वावरावं लागे. मांजर शेजारी राहायला गेलं.

"मामा, आता पुरे कर," मी म्हणालो.

"डाग हाय तवर पुरे कसा? फडका पांढरा आला पायजे."

दिवाळी तोंडावर आली, तरी हा बाबा गज मागेपुढे करतोच आहे. शेवटी मामी पदराने डोळे पुसत बाहेर आली आणि तिने गज त्याच्या हातातून ओढून घेतला.

"ह्या टोकाकडं बघा जरा. कसा चकचकीत झालाय, झिजलाय पन. पितलेच्या भांड्याला कल्हई नसली का ताक कलकतंय ना? तसा तुमचा अमोनिया ह्या पितलेला खातंय. नली कवाच साफ झाली आसंल. तुमी पितल पुसत बसलाव."

पितळेत तांबं असतं हे मामाला ठाऊक होतं, मलाही होतं. दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मामाने गुपचूप बांबूची कामटी तासली, तिला फडकं गुंडाळलं आणि नळीतून काढलं. पांढरं. पुन्हा काढलं. पांढरंशुभ्र. नळी कोरडी करून त्याने तेलाचा हलका हात फिरवला.

सकाळी सावळारामाला बोलावलं. बांधाच्या मातीवर मी नकाशाचा कागद लावला, मामीने त्यावर कुंकवाचा ठिपका काढला. मामाने तीन गोळ्या झाडल्या. सावळाराम कागद घेऊन आला. तिन्ही भोकं पुरीएवढ्या जागेत, आणि एक कुंकवात.

"दाजी, डोले जाग्यावर हायत," तो म्हणाला. "रायफल तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

मामा बांधावर बसून सगळ्यांसमोर रडला. मीही रडलो, लपवत नाही.

दुसऱ्याच दिवशी तो माझ्या दुकानात हजर. म्हणाला, चष्मेवाल्याकडे घेऊन चल. मला काही कळेना.

"लांबचा झकास दिसतंय," तो हळूच म्हणाला. "जवलचा दोन वरसां झाली दिसत न्हाय. त्यो पितलेचा टोक हातात होता, पन झिजलेला दिसला न्हाय. चष्मा लावला आसता तर रायफल तवाच नेली आसती लोकांनी."

चष्मा लावून आम्ही गावी आलो. मामीने चहा पुढे केला, तर मामा कप घ्यायचं सोडून तिचा हातच धरून बसला.

"कमले, ह्ये डाग कवाचे?"

"चुलीचे हायत. भाकरी भाजताना पडलेले," मामी म्हणाली. "त्ये काय अमोनियानं जायाचे न्हाईत."

मामाने चहा तसाच गार होऊ दिला. संध्याकाळपासून चुलीपुढे तो बसायला लागला. मामी त्याची प्रत्येक भाकरी उलटून बघते आणि नावं ठेवते.