डाव्या हाताची पंगत

आमच्या आळीचा जुना फोटो सापडला तेव्हा सगळ्यात आधी डोंगर हलला.

झालं असं, की आळीच्या टोकाला एक मुसलमान कुटुंब राहतं. त्या घरातले आजोबा बोटीवर नोकरीला होते आणि कुठल्याशा बंदरात घेतलेला कॅमेरा गळ्यात अडकवून सुट्टीवर येत. ते जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांचा नातू आखातातून रजेवर आला, माळा साफ करताना त्याला फिल्मचा एक तुकडा मिळाला, आणि त्याचा फोटो करून घेऊन त्याने तो आळीच्या ग्रुपवर टाकला. रस्त्यातच बसलेली पूजेची पंगत, वाढणाऱ्या बायका, बाजूला उभे राहून बघणारे शर्टवाले पुरुष, पंगतीच्या मागे चिऱ्याच्या काठाची विहीर आणि तिच्याही मागे किल्ल्याचा डोंगर.

आळीने तो फोटो डोक्यावर घेतला. एरवी ग्रुपवर सुप्रभात आणि औषधी काढे यांच्यापलीकडे काही येत नाही. आता पंगतीतला प्रत्येक जण कुणाचा तरी बाप, आजोबा नाहीतर चुलता निघाला. एका धोतरवाल्यावर तर तीन घरांनी हक्क सांगितला.

फक्त एक अडचण होती. आमच्या आळीत देवळाकडे पाठ करून उभं राहिलं की डोंगर उजव्या हाताला दिसतो. फोटोत तो डावीकडे होता.

आमच्याकडे एक वारसा समिती आहे. तिचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना सर म्हणतात. सरांनी जाहीर केलं, की फोटो देवळाकडून नव्हे, उलट्या टोकाकडून काढलेला असणार. मग समिती फोटोचा कागद हातात धरून ती जागा शोधायला निघाली. डोंगर डावीकडे यावा म्हणून मागे सरकत सरकत खजिनदार गटारात गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न झाला. डोंगर डावीकडे आला की मधे देऊळ उभं राही, आणि फोटोत तर देऊळ नव्हतंच. शेवटी सर म्हणाले, "पूर्वी रस्त्याला वळण वेगळं असेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. डोंगराबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही.

पण विहीर राहिली, आणि आमच्या घरावर संकट आलं ते त्या विहिरीतून.

ती विहीर रस्ता मोठा करताना कधीच बुजवली. समितीच्या मनात आलं की ती उकरून, काठ बांधून, वर जाळी घालून, दिवे सोडून पुन्हा उभी करावी. आता फोटोप्रमाणे विहीर रस्त्याच्या डाव्या अंगाला. आणि डाव्या अंगाला, बरोबर त्या जागी, माझ्या वडिलांचं शिलाईचं दुकान आहे. जागा देवस्थानची, आणि देवस्थानचे विश्वस्त तेच समितीचे सभासद. म्हणजे दुकान रिकामं करून मागायला त्यांना दुसऱ्या कुणाला विचारावंही लागणार नव्हतं.

मी तेव्हा दापोलीला नोकरीला होते. एक शनिवार सोडून एस.टी.ने घरी यायची. विहिरीची जागा ठरवायला समितीने बैठक बोलावली, तिला मी हजर होते, म्हणून सांगते. बाबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "विहीर समोरच्या बाजूला होती. सरांच्या कंपाउंडात. मी तिथं पाणी भरलंय."

"तुम्ही तसंच म्हणणार," सर शांतपणे म्हणाले. "तुमचं दुकान आहे ना."

ज्यांना खरं माहीत होतं त्यांचा त्यात स्वार्थ होता, आणि ज्यांचा स्वार्थ नव्हता ते फोटो बघून आठवत होते. आळीतले एक म्हातारे काका जन्मभर सरांच्या गेटकडे बोट दाखवून "इथं आमची विहीर होती" म्हणून सांगायचे. तेसुद्धा आता बाबांच्या दुकानासमोर उभे राहून सांगू लागले, "ह्यातच मी पडलो होतो. हय, मशिनीच्या खाली." मला इतका राग आला की मी त्यांना विचारलं, पडलात तेव्हा मशीन होतं का? ते म्हणाले, नीट आठवत नाय.

बैठक संपल्यावर त्या नातवाने बाबांना आपल्या मोबाइलवर मूळ फोटो दाखवला. ग्रुपवरचा पुसट होता, हा चांगला स्वच्छ होता. दोन बोटांनी त्याने तो मोठा केला. विहिरीच्या काठावर एक बाई कळशी टेकवून उभी होती आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. हनुवटीच्या एका बाजूला तीळ. बाबांनी मोबाइल हातात घेतला. बराच वेळ त्यांनी तो परत दिला नाही. मग एवढंच म्हणाले, "माझी आय."

माझी आजी बाबा लहान असतानाच वारली. तिचा एकही फोटो आमच्या घरात नाही. देवघराशेजारच्या भिंतीवर आजोबा एकटेच आहेत.

सोमवारी मी दापोलीला परतले, आणि बुधवारी आईचा फोन. "तुझा बाप खुळावला. सरांच्या घरी जाऊन सांगून आला, विहीर दुकानाखालीच होती म्हणून."

मला वाटलं, दमदाटी झाली असेल. तसं काही नव्हतं. पुढच्या खेपेला घरी आले तर मशीन पडवीत. शिवायला आलेले ब्लाउज बाबा घरोघर परत करत होते आणि नव्या जागेची चौकशी चालू होती. एक गाळा मिळत होता, तो मासळी बाजाराला लागून. लग्नाचे कपडे शिवायला तिथे कोण येणार? नवरीच्या चोळीला सुरमईचा वास. आई भांडून थकली होती. मीही भांडले.

"बाबा, तुम्ही स्वतः सांगत होतात ना, समोर होती म्हणून?"

"फोटोत हय दिसते."

"तुम्हाला काय आठवतं ते सांगा."

"माझ्या आठवणीचं काय घेऊन बसलीस?" असं म्हणून ते कात्रीला तेल लावत बसले. मला रडू आलं. दुकानासाठी आलं, आणि माणूस डोळ्यांसमोर स्वतःला खोटं पाडतोय हे बघवेना म्हणूनही आलं.

समितीने देवस्थानच्या सभागृहात प्रदर्शन भरवलं. तो फोटो भिंतभर फ्लेक्सवर छापून आणला होता. नारळ फुटला, सरांचं भाषण झालं, संध्याकाळी दुकानाच्या जागेवर कुदळ मारायची होती. तोपर्यंत ग्रुपवरचा तो पुसट फोटो नाक्यावरच्या पुरुषांच्या हातांतच फिरला होता. बायकांनी तो नीट असा पहिल्यांदा तिथेच बघितला.

आई पुढे गेली आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, "ह्या सगळ्यांचे पदर उजव्या खांद्यावर कसे?"

"बंदरात गुजराती व्यापारी येत," सर म्हणाले. "त्यांचा प्रभाव."

आई आणखी जवळ गेली. पंगतीवरून तिने एका टोकापासून बघायला सुरुवात केली. मग वळली आणि आख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आणि पूजेचा प्रसाद डाव्या हातानं? सगळी पंगत?"

सगळ्यांच्या माना फ्लेक्सकडे वळल्या. खरोखरच प्रत्येकाचा डावा हात भातात होता. धोतरवाला, ज्याच्यावर तीन घरांचा हक्क होता, तो डाव्या हाताने कढी ओरपत होता.

"तेव्हाच्या चालीरीती..." सरांनी सुरुवात केली.

"चालीरीती?" विहिरीत पडलेले काका उसळले. "माझा बापूस डाव्या हातानं जेवायचा काय? देवाच्या पंगतीत?"

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. ज्या माणसांनी डोंगर हललेला मुकाट्याने सोसला, रस्त्याचं वळण सोसलं, स्वतः दुसऱ्याच जागी बुडालेलं सोसलं, ती बापाचा डावा हात सोसायला तयार नव्हती. धोतरवाल्यावरचा हक्क तिन्ही घरांनी तिथल्या तिथे सोडला. शेवटी तो नातू पुढे झाला आणि म्हणाला, "माफ करा, फिल्म उलटी धरून फोटो केला असंल." चौघांनी फ्लेक्स भिंतीवरून काढला, दारातल्या उन्हात आडवा धरला आणि आम्ही सगळे त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहिलो. पाठीमागून चित्र पुसट दिसत होतं, पण डोंगर उजवीकडे आला. पदर खांदे बदलून बसले. पंगत उजव्या हाताने जेवायला लागली. आणि विहीर रस्ता ओलांडून सरांच्या कंपाउंडातल्या नव्या पार्किंगमध्ये जाऊन बसली.

सरांनी क्षणभर बघितलं. "शेवटी फोटो हा काही पुरावा नव्हे," ते म्हणाले. कुदळ सभागृहाच्या कोपऱ्यात राहिली, आणि विहिरीऐवजी आळीत कमान उभारावी असा ठराव नंतर झाला.

आईने माझा हात घट्ट धरला होता. दुकान वाचलं होतं. मी बाबांना शोधलं. ते फ्लेक्सच्या पाठीमागे, चित्रातल्या विहिरीच्या काठाजवळ उभे होते.

"बाबा, बघा, आजी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "ही नाय ती."

घरी जाताना त्यांनी सांगितलं. स्वतःच्या आईची त्यांना एकच आठवण होती. दाराशेजारी खिळ्याला आरसा टांगलेला असे, उजेडासाठी. ती त्यात बघून वेणी घालायची आणि ते पाठीमागे बसायचे. ती त्यांच्याशी आरशातूनच बोलायची. तिचा तीळ त्यांना आरशातल्या बाजूलाच माहीत होता.

मशीन पुन्हा दुकानात गेलं. त्याच्या वर बाबांनी फोटो लावला आहे, नातवाकडून मुद्दाम मागून घेतलेला, पहिला, चुकीचा. गिऱ्हाईकं मापं देता देता सांगतात, अहो, हे सगळे डाव्या हाताने जेवतायत. बाबा म्हणतात, जेवू देत.

एकदा त्यांच्यासमोर बसून तुरपाई करताना माझी नजर वर गेली, पंगतीच्या बाजूला उभ्या असलेल्या शर्टवाल्यांवर. एकूण एकाची बटणपट्टी उलटी, बायकांच्या कपड्यांना असते त्या बाजूची. माझा हात थांबला. जन्मभर शर्ट शिवलेला माणूस.

"बाबा, ही बटणं तुम्हाला दिसली नव्हती?"

"दिसली की. नातवानं मोबाइल हातात दिला तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत? दुकान हातचं चाललं होतं!"

त्यांनी सुई उजेडाकडे धरून दोरा ओवला.

"बोललो असतो तर तिला फिरवली असती," ते म्हणाले.