नऊ जणींचा टेम्पो आणि फुकटचे सॉफ्टवेअर

परवा, माझी पत्नी सुलभा हिला जाऊन आठ दिवस झाले असताना, मी मालवणच्या घरी कॉम्प्युटर सुरू केला. सुतकात हे शोभत नाही, असे मेहुणे म्हणाले. मी त्यांच्यासाठी पंखा लावला आणि कामाला बसलो...

जेटीवरून मासे घेऊन निघणाऱ्या नऊ जणींसाठी भाड्याचा एकच टेम्पो आहे. कोणी, कोणत्या वारी, कोणत्या बाजारात उतरायचे, हे सुलभा तोंडी ठरवीत असे; सगळ्या तिला 'बाय' म्हणत. ती गेल्यावर टेम्पोमालकाने जाहीर केले की गाडीत सात जणीच मावतात, वयस्क दोघींनी आता घरी बसावे. त्यांपैकी एक राधाबाई.

मला ते मान्य नव्हते. मी कॉलेजात गणित शिकवतो. असली कोडी सोडवणारे एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरवून ठेवले होते. नऊही जणी ओटीवर जमल्या; फुकटची वस्तू ती काय चालणार, असे म्हणत मालकही येऊन बसला.

बाजार, वार, जागा, सर्व माहिती भरली. उत्तर आले: मंगळवारी राधाबाई अर्धी कुडाळला, अर्धी कणकवलीला... माणसे पूर्णांकातच हवीत, ही अट लिहायलाच मी विसरलो होतो.

"मास्तरांनू, माझी तकली कुडाळाक आणि पाय कणकवलेक धाडतल्यात काय?" राधाबाईने विचारले. आठ दिवसांनी या घरात कोणी हसले. मीसुद्धा.

अट घातली. आता उत्तर आले की असे वाटप शक्यच नाही. मालकाने समाधानाने मान डोलावली. मी उठलो नाही... भरलेली प्रत्येक ओळ बायकांना मोठ्याने वाचून दाखवू लागलो. 'रोज एक खेप', ही मालकानेच सांगितलेली ओळ आली आणि राधाबाईने मला थांबवले.

"बायन आमका एका खेपेत कधीच बसवल्यान नाय. टेम्पो दोनदा जाय."

मी एकाच्या जागी दोन लिहिले. काही सेकंदांत आठवडाभराची यादी पडद्यावर आली... नऊच्या नऊ नावे.

मालक खाली पाहत पुटपुटला, "बाय गेली. म्हटला, आता इचारतलो कोण?"

"मी विचारणार," मी म्हणालो.

काल टेम्पो दोनदा गेला. हे सॉफ्टवेअर लिहून सर्वांसाठी खुले ठेवणाऱ्या अनोळखी मंडळींचा मी ऋणी आहे. सुलभा हेच गणित रोज मनात सोडवीत होती, आणि मी आतल्या खोलीत पेपर तपासत होतो... तिचे आभार मानायचे राहून गेले. यादी मात्र एकही आठवडा राहून जाणार नाही.